हॅव-हॅज लावूनही चूक कशी काय?

प्रश्न: मी परभणीला बी.ए.ला आहे. पेपरात 'आय हॅव सीन हिम यस्टर्डे' लिहिलं तर मार्क कापले. हॅव आहे, तिसरं रूप पण बरोबर आहे, मग चुकलं कुठं?
- एक वाचक, परभणी

उत्तर: रूप बरोबरच आहे हो, गडबड केली 'यस्टर्डे'नं. प्रेझेंट परफेक्टसोबत, म्हणजे हॅव-हॅज आणि तिसरं रूप असलेल्या काळासोबत, काल, मागच्या वर्षी, 1948 मध्ये अशी संपून गेलेली वेळ चालत नाही, तिथं साधा भूतकाळच, म्हणून 'मराठवाडा बिकेम फ्री इन 1948', तिथं 'हॅज बिकम' नाही. आणि तुमचं वाक्य 'आय सॉ हिम यस्टर्डे'.

मग वापरायचं कधी, तर गोष्ट होऊन गेलीय पण तिचा संबंध आत्ताशी आहे तेव्हा. आपण बोलतोच की, 'काल पाऊस पडला' ही नुसती बातमी झाली, पण 'पाऊस पडलाय, चला पेरणीला' म्हणतो तेव्हा रान आत्ता ओलं आहे, हेच 'इट हॅज रेन्ड'. पोरं फॉर्म्युला पाठ करतात अन् हे कुणी समजावूनच सांगत नाही, याचं लई वाईट वाटतं.

आपल्याकडं अजून एक चूक सर्रास होते, 'आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स 2019'. तिथं 'आय हॅव लिव्ह्ड' किंवा 'हॅव बीन लिव्हिंग' पाहिजे. कधीपासून ते सांगायचं तर सिन्स, किती वर्षं ते सांगायचं तर फॉर.

अमेरिकन लोक 'आय ऑलरेडी एट' पण म्हणतात, ऐकून गोंधळू नका, पेपरात 'आय हॅव ऑलरेडी ईटन'च लिहा.