'हे तू कसं केलंस?' एवढं विचार

प्रिय मुली,

तुझा मेसेज काल रात्री दोनदा वाचला. बी.एड.चं दुसरं वर्ष, आंतरवासिता (शाळेत प्रत्यक्ष शिकवायचे आठवडे) सुरू आहे, आणि तू विचारतेस, 'बाई, आमचे सर पीपीटी वाचून दाखवतात. शाळेत कधी शिकवलंच नाही, तर आमचे पाठ ते कशाच्या जोरावर तपासतात?'

तक्रार खरी आहे. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा आयोगाने 2012 साली शिक्षक-प्रशिक्षणाचे वाभाडे काढले, ते प्रकरणच मुळी आपल्या महाराष्ट्रातल्या डी.एड. कॉलेजांच्या मान्यतेवरून उभं राहिलं होतं. पुढे 2015 पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं, शाळेतले आठवडे वाढले. तरी सूक्ष्म पाठाला, म्हणजे कॉलेजातल्याच छोट्या सराव पाठाला, मैत्रिणीच पाचवीच्या मुली होऊन बसतात आणि बरोबर उत्तरं देतात. चुकीचं उत्तर कोणी देतच नाही! शिक्षकाचं काम तर तिथूनच सुरू होतं.

माझ्या तिसरीच्या वर्गात एक मुलगी होती. 52 वजा 27, तिचं उत्तर 35. 64 वजा 38, उत्तर 34. चार महिने मी लाल फुली मारत राहिले आणि 'हातच्याचा सराव कर' म्हणत राहिले. एक दिवस पाटी घेऊन ती जवळ उभी होती, तेव्हा सहज विचारलं, 'हे तू कसं केलंस?' तिने सातावर बोट ठेवलं. 'सातातून दोन गेले, पाच. मोठ्यातूनच लहान वजा करायचं, तुम्हीच सांगितलंत ना.' सांगितलं होतं मीच. चार महिने ती माझंच वाक्य पाळत होती आणि मी तिला फुल्या देत होते. ते आजही मनातून जात नाही.

आणखी एक सांगते. आमचे एक सर नोट्स एका सुरात वाचायचे, आम्ही मागे बसून हसायचो. पण सराव पाठाला ते शेवटच्या बाकावर बसत आणि माझ्या वहीत लिहीत, 'खिडकीजवळचा मुलगा असं का म्हणाला? विचारलंत का?' फलक लेखनाबद्दल एक शब्द नाही. गुण कमी दिले म्हणून मी चिडले आणि ती वही रद्दीत घातली. आज ती हवी होती गं.

म्हणून नुसत्या तासावरून माणूस जोखू नकोस. सरांपुढे मुलाचं चुकीचं उत्तर ठेव आणि विचार, 'सर, याने असं का केलं असेल?' जे विचारात पडतील त्यांना सोडू नकोस. जे 'टाचणाप्रमाणे जा', म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्याप्रमाणेच शिकव, म्हणतील त्यांची सही घे आणि वर्गात जा. त्यांच्यावर रागावण्यात तुझे आठवडे का घालवतेस? पोरं समोर बसलेली असताना?

त्या वजाबाकीवर मी पुढे आठ दिवस घालवले. 'अभ्यासक्रम मागे' असा शेरा मिळाला. वरिष्ठांशी वाद घातला, तोही अंगाशी आला. घरचे अजून म्हणतात, जरा नमतं घेतलं असतंस तर पुरस्कार मिळाला असता. नाही मिळाला तरी चालेल. आठ दिवस लागणारच होते, उद्या पुन्हा तोच वर्ग मिळाला तर पुन्हा आठ घालवीन.

विचार गं पोरांना. 'चूक' म्हणण्याआधी विचार.

सोमवारी तुझा पाठ आहे ना? टाचण पाठवू नकोस मला. तीन चुकलेली उत्तरं पाठव, आणि पोरांनी ती कशी काढली, ते त्यांच्याच शब्दांत.

तुझी,
बाई