स्टेजवर हसवणारा माणूस घरी येतो तेव्हा

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. माझ्या लेकीच्या वयाची आहेस, म्हणून अगंतुगं करते.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. ही ताई लातूर जिल्ह्यातली. नवरा विनोदी एकपात्री कार्यक्रम करतो, गणपतीत, कॉलेजच्या गॅदरिंगला. त्याचे व्हिडिओ गावोगावच्या मोबाइलवर फिरतात. बाजारात बाया हिला थांबवून म्हणतात, "वहिनी, तुमच्या घरी तर रोजच पोट धरून हसायचं असंल." घरी मात्र तो आठ-आठ दिवस हिच्याशी बोलत नाही, भाजीच्या पैशांचाही हिशेब मागतो. परवा मीठ कमी पडलं म्हणून त्यानं ताट भिंतीवर फेकलं. तेवढ्यात फोन वाजला आणि "बोला मालक!" म्हणत, खळखळून हसत त्यानं पुढच्या कार्यक्रमाची तारीख पक्की केली. ही खाली बसून वरण पुसत होती. ताई विचारते, माझ्यावर कोण विश्वास ठेवणार? की माझंच काही चुकतंय?

मी विश्वास ठेवते, ताई. तू लिहितेस, 'रात्री-बेरात्रीचा प्रवास, कार्यक्रमाचं टेन्शन, म्हणून चिडत असतील.' टेन्शन असणारच. पण एखादा पिऊन आलेला प्रेक्षक कार्यक्रमात गोंधळ घालतो, आयोजक ठरलेल्या मानधनातले निम्मेच हातावर ठेवतो, तेव्हा हा माणूस कुणाच्या अंगावर माईक फेकत नाही. हसून वेळ मारून नेतो. म्हणजे राग गिळणं त्याला जमतं. ताट फेकल्यावर फोन उचलेपर्यंत तर तो पूर्ण शांत झाला होता. तुझ्यासमोर तो राग आवरत नाही, कारण तशी गरजच त्याला वाटत नाही. तेव्हा मिठात आणि स्वतःच्या स्वभावात दोष शोधणं आता थांबव.

मला सगळ्यात जास्त लागलं ते तुझ्या वडिलांचं. अर्धांगवायूनंतर त्यांची जीभ जड झाली आणि जावई 'आमचे सासरे' म्हणून तेच अडखळणं स्टेजवर करून दाखवतो. उदगीरच्या कार्यक्रमात वडील पहिल्या रांगेत होते. सगळे हसले म्हणून तेही हसले, आणि घरी येऊन न जेवता झोपले. पैठणच्या नाथांच्या भारुडापासून सासू-सासरे आपल्या विनोदात आहेत, त्यात काही वावगं नाही. पण भारुडातला सासरा कुणा एकाचा बाप नसतो. इथे पहिल्या रांगेत बसलेल्या आजारी माणसाला त्याच्याच दुखण्यावर हसायला लावलं. हा विनोद बंद व्हायलाच हवा, आणि तसं म्हणायचा तुला पूर्ण हक्क आहे.

लोक विश्वास ठेवणार नाहीत ही तुझी भीती खोटी नाही. अमेरिकेतला विनोदी नट बिल कॉस्बी १९८४ ते १९९२ टीव्हीवर प्रेमळ बाप म्हणून घराघरांत पोचला होता. पुढे पन्नासहून अधिक स्त्रियांनी त्याच्यावर लैंगिक अत्याचाराचे आरोप केले. त्यानं ते नाकारले, आणि कितीतरी वर्षं लोकांनाही ते खरे वाटले नाहीत. २०१८ मध्ये एका प्रकरणात तो दोषी ठरला. २०२१ मध्ये वरच्या न्यायालयानं तो निकाल रद्द केला, तोही आधीच्या सरकारी वकिलानं दिलेल्या आश्वासनाच्या मुद्द्यावर. तुझं दुखणं वेगळं आहे, पण प्रेक्षक तेच करतात. दीड तास पाहिलेल्या माणसाला ते चोवीस तासांचा माणूस समजतात. त्यांचं हसू खरं आहे. तुझ्या घरात काय घडतं, याची साक्ष मात्र ते देऊ शकत नाहीत.

म्हणून फेसबुकवर सगळं लिहू का, याला माझं उत्तर आज तरी नको असं आहे. त्याची अब्रू झाकायला म्हणून सांगत नाही. कमेंटमध्ये न्याय होत नाही, आणि तुझ्या लेकीला रोज त्याच शाळेत जायचंय. तुला सगळ्या जिल्ह्याला पटवायचं नाहीये, दोन-तीन माणसं पुरेत. पहिली तुझी थोरली जाऊ. ताट फेकलं तेव्हा ती दारात होती, असं तूच लिहिलंयस. तिच्याशी बोल. मग ती घरात असताना, तो शांत असेल तेव्हा, त्याला दोनच गोष्टी सांग: बाबांची नक्कल बंद, आणि यापुढे घरात काही फेकायचं नाही. जुनी सगळी उणीदुणी त्या दिवशी काढू नकोस, नाहीतर वाद घालण्यात तो तुला हरवेल. बोलणं हाच त्याचा धंदा आहे.

लेक स्कूटरचा आवाज आला की टीव्ही बंद करून कोपऱ्यात बसते, म्हणालीस. तिला जवळ घेऊन सांग की पप्पांच्या रागात तिची काही चूक नाही. आजच सांग.

आणि हेही माहीत असू दे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात फक्त मारहाण येत नाही. अपमान, मानसिक छळ, पैशासाठी अडवणूक हेही येतं. राहत्या घरात राहण्याचा हक्कही तो कायदा तुला देतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला वकील मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो. नुसती माहिती घ्यायला गेलीस म्हणून लगेच केस होत नाही.

जाऊबाईंशी बोललीस की मला कळव. त्याआधीच त्यानं हात उगारला, तर माझ्या उत्तराची वाट बघू नकोस. लेकीला घेऊन जाऊबाईंकडे जा आणि १८१ या महिला हेल्पलाइनला फोन लाव.

तुझी,
मावशी