गलवानमध्ये गोळी का चालली नाही, आणि चीनशी बोलणी का चालू राहिली?

पूर्व लडाखमधल्या जून २०२० च्या गलवान चकमकीवरच्या चर्चेत दोन प्रश्न आले आहेत. गलवानमध्ये जवानांकडे शस्त्रं असताना ती चालली का नाहीत? आणि चीनने करार धुडकावल्यावरही आपण त्याच्याशी बोलत का राहिलो? हा विषय मी बरीच वर्षं वाचत आलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिल्याचं उत्तर २९ नोव्हेंबर १९९६ च्या करारात आहे. तेव्हा चीनचे अध्यक्ष जियांग झेमिन दिल्लीत आले होते, देवेगौडा पंतप्रधान होते. कराराच्या सहाव्या कलमात म्हटलंय की प्रत्यक्ष नियंत्रण रेषेपासून (दोन्ही देशांच्या ताब्यातला भाग वेगळा करणारी, पण नकाशावर न ठरलेली रेषा) दोन किलोमीटरच्या आत गोळीबार करायचा नाही, स्फोट घडवायचे नाहीत, बंदुकीने शिकारसुद्धा करायची नाही. सैनिक समोरासमोर आले तर संयम पाळायचा. १५ जून २०२० च्या रात्री आपल्या तुकडीकडे शस्त्रं होती, हे परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनी तीनच दिवसांत सांगितलं. कर्नल संतोष बाबूंसह आपले २० जण त्या रात्री गेले. चीनने स्वतःचे चार मृत मान्य केले ते थेट फेब्रुवारी २०२१ मध्ये.

माझं मत स्पष्ट आहे. ते कलम गस्तीसाठी होतं. खिळे ठोकलेले दांडके घेऊन जमाव चालून येतो तेव्हा अधिकाऱ्याने हात बांधून घ्यावेत, असा त्याचा अर्थ कधीच नव्हता. त्याच कराराचं पहिलं कलम सांगतं की कोणीही दुसऱ्याविरुद्ध लष्करी बळ वापरणार नाही. ते मोडलं की सहाव्याला आधार उरत नाही. गलवाननंतर जागेवरच्या कमांडरना मोकळीक दिल्याच्या बातम्या आल्या. ती आधीच स्पष्ट असायला हवी होती.

पण म्हणून ‘१९९३ (सीमेवर शांतता राखण्याचा पहिला करार) आणि १९९६ चे करार म्हणजे शरणागती’ हे काहींचं म्हणणं मला पटत नाही. १९८६-८७ मध्ये अरुणाचलमधल्या सुमदोरोंग चू इथे दोन्ही सैन्यं युद्धाच्या तोंडाशी आली होती. १९९१ मध्ये आपली परकीय गंगाजळी आटली, त्याच वर्षी सोव्हिएत संघ संपला. अशा वेळी नरसिंह रावांनी उत्तर सीमा शांत ठेवायचं ठरवलं. १९७५ मध्ये अरुणाचलमधल्याच तुलुंग ला इथे आसाम रायफल्सचे चार जवान मारले गेले, त्यानंतर थेट गलवानपर्यंत या सीमेवर चकमकीत कोणाचा जीव गेला नाही. ही मोठी कमाई आहे.

चुकलं ते १९९६ च्या कराराच्या दहाव्या कलमात. रेषा नेमकी कुठून जाते हे नकाशे देऊन-घेऊन ठरवायचं, असं तिथे लिहिलंय. मधल्या क्षेत्राचे (हिमाचल-उत्तराखंडचे) नकाशे २००० मध्ये दिले-घेतले गेले. लडाखच्या नकाशांवर २००२ मध्ये गाडी अडली आणि पुढे सरकलीच नाही. चीनला ती सरकायला नकोच होती, कारण रेषा संदिग्ध असेल तर ज्याचे रस्ते चांगले तो ती हळूहळू पुढे ढकलू शकतो. आपण मात्र रेषा ठरलेलीच आहे अशा थाटात पुढचे करार करत गेलो.

दुसरा प्रश्न. बोलणी चालू राहिली आणि त्यांना वजनही आलं, ते २९-३० ऑगस्ट २०२० च्या रात्रीमुळे. लडाखमधल्या पँगाँग सरोवराच्या दक्षिणेला आपल्या सैन्याने कैलास रांगेतल्या उंच जागा धरल्या. रेझांग ला, रेचिन ला इथून मोल्डोचा चिनी तळ थेट नजरेखाली आला. फेब्रुवारी २०२१ मध्ये चिनी सैनिक फिंगर ८ च्या (सरोवराच्या उत्तर काठावरच्या डोंगरसोंडांना ‘फिंगर’ आणि क्रमांक दिले आहेत) पलीकडे गेले ते याच दबावामुळे. बदल्यात आपण त्या उंच जागा सोडल्या आणि फिंगर ३ ते ८ हा पट्टा दोघांच्याही गस्तीला बंद झाला. देपसांगचा, म्हणजे लडाखच्याच उत्तरेकडच्या पठारावर आपली गस्त अडवल्याचा प्रश्न त्याच सौद्यात बांधायला हवा होता, असं मला आजही वाटतं. रणगाडे इतके जवळ उभे होते की एखाद्या चुकीने युद्ध पेटलं असतं, हा उलट युक्तिवादही खोटा नाही. पण हातातला पत्ता गेल्यावर देपसांग आणि (पूर्व लडाखमधल्याच) देमचोकच्या गस्तीच्या समझोत्यासाठी २१ ऑक्टोबर २०२४ पर्यंत थांबावं लागलं, हेही खरं.

आता सगळ्यात अवघड भाग उरलाय, आणि त्यावर फार कमी बोललं जातं. सैन्य समोरासमोरून हटलंय, पण मागे नेलेलं नाही. ‘दोघांनी सारखंच अंतर मागे जावं’ हे कानाला न्याय्य वाटतं. पण तिबेटचं पठार उघडं आहे, चांगल्या रस्त्यांवरून त्यांच्या तुकड्या एक-दोन दिवसांत परत येऊ शकतात. आपला जवान मैदानातून आला तर पंधरा हजार फुटांच्या वर पाठवण्याआधी त्याला टप्प्याटप्प्याने सुमारे चौदा दिवस विरळ हवेची सवय करावी लागते, शिवाय हिवाळ्यात खिंडी बंद. म्हणून मोजमाप किलोमीटरमध्ये न करता परत यायला लागणाऱ्या दिवसांत व्हायला हवं. १९९३ च्या करारातही ‘परस्पर आणि समान सुरक्षा’ हेच तत्त्व आहे, त्यावर बोट ठेवता येतं. २५५ किलोमीटरचा दारबुक-श्योक-दौलत बेग ओल्डी रस्ता, अटल बोगदा, सेला बोगदा आणि अजून पूर्ण न झालेला झोजिला बोगदा यांनी आपले परत यायचे दिवस कमी होतात, म्हणून हे सगळं या बोलणीचाच भाग आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये आपले राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार डोभाल आणि चीनचे परराष्ट्रमंत्री वांग यी यांच्या भेटीत सीमा आखण्याचं काम जिथे लवकर होऊ शकेल तिथे सुरू करता येईल का, हे पाहायला तज्ज्ञगट नेमायचं ठरलं. चीनला सिक्कीमचा तुकडा आधी वेगळा काढून घ्यायचा आहे. तिथे त्रिसंगमाचा, म्हणजे भारत, चीन आणि भूतानच्या सीमा मिळतात त्या जागेचा आणि तिथल्या डोकलाम पठाराचा प्रश्न अडकलेला आहे, आणि अशा जागा संबंधित देशांशी सल्लामसलत करूनच ठरवायच्या असं २०१२ मध्येच मान्य झालंय. त्या गटाचं काम सुरू झालं की मी एकच गोष्ट शोधेन: लडाखचे नकाशे टेबलावर आले का.