दर संकष्टीला घेतलेली शपथ

"ताई, वय ३४, राहायला कोथरूड, नोकरी हिंजवडीत. लग्नाला सहा वर्षं झाली. आठवड्यातून दोन-तीनदा बायको झोपली की फोन घेऊन बाथरूममध्ये जातो आणि पॉर्न बघतो. एका कानात इअरफोन ठेवतो, दुसरा कान बेडरूमच्या कडीकडे. दर संकष्टीला शपथ घेतो, चार दिवसांत मोडते. मागच्या महिन्यात तिनं पाहिलं. भांडली नाही, फक्त म्हणाली, 'मी कमी पडते का?' मी गप्प बसलो. मला व्यसन लागलंय का? मी घाणेरडा माणूस आहे का?"

दादा, तुमचं पत्र वाचल्यापासून तो कडीकडे लागलेला कान डोक्यातून जात नाही. दिवसभराचा शीण उतरावा म्हणून जाता आणि तिथेही धाकात बसता. बाहेर आल्यावर स्वतःला शिव्या घालता, शपथ घेता. शपथ मोडली की आणखी जीव जळतो, आणि जळलेला जीव शांत करायला पुन्हा तोच फोन. मला तुमच्या बघण्यापेक्षा या चक्राची जास्त काळजी वाटते. म्हणून पहिली विनंती: येत्या संकष्टीला उपास करा, दर्शन घ्या, पण शपथ घेऊ नका.

घाणेरडे नाही आहात. सज्ञान माणसाला लैंगिक चित्रं बघून उत्तेजना येणं आणि त्यानं हस्तमैथुन करणं यात रोग नाही, त्यानं अशक्तपणा येत नाही. ऑफिसला जाताना कर्वे पुतळा लागतच असेल तुम्हाला. तो महर्षींचा. त्यांचे थोरले चिरंजीव र. धों. कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं आणि तुमच्यासारख्यांच्या पत्रांना सरळ उत्तरं दिली. त्या उत्तरांवरूनच १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले, तरी दंड झालाच. इतकी किंमत मोजून त्यांनी जे सांगितलं, ते आपल्या घरांत अजून पोचलेलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आता व्यसनाचं. जागतिक आरोग्य संघटनेची २०२२ पासून लागू झालेली आजारांची यादी लैंगिक वर्तनावरचा ताबा सुटणं हा विकार मानते, पण व्यसनांच्या गटात तो धरत नाही. सहा महिने किंवा जास्त काळ ताबाच राहत नाही, काम, तब्येत, माणसं यांची हेळसांड होते, मजा येईनाशी झाली तरी थांबता येत नाही, तेव्हा तो विकार. आणि 'हे पाप आहे' असं वाटून होणारा त्रास एवढ्यावरून निदान करू नये, असं तिथे स्पष्ट म्हटलंय. तुमच्या पत्रावरून मला तो विकार वाटत नाही. पण पत्रावरून निदान होत नसतं. झोप, काम बिघडू लागलं तर मानसोपचारतज्ज्ञाला गाठा, किंवा सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. भिंतीवरच्या 'गुप्तरोग' जाहिरातींच्या नादी मात्र लागू नका.

महिनाभर एवढंच करा. फोन हातात घ्यायच्या आधी स्वतःला विचारा: इच्छा झालीय, की साहेबांचा मेल डोक्यात घोळतोय? मेल असेल तर गच्चीवर दोन फेऱ्या मारा, उरलेलं नंतर ठरवा. फोन बाथरूममध्ये नेला नाही तर हे सोपं जातं.

आणि जे बघता ते काय आहे ते नीट ओळखा. ते चित्रीकरण असतं. काही तासांचं काम कापून वीस मिनिटांचं केलेलं, कधी औषधं घेऊन केलेलं. काय करायचं, काय नाही, हे आधी ठरलेलं असतं, आणि नेमकं ते विचारणं, हो-नाही म्हणणं आपल्याला दिसत नाही. बहुतेक बायकांना नुसत्या संभोगानं परमसुख मिळत नाही, तेही दिसत नाही. त्यावरून स्वतःला किंवा बायकोला मापू नका. चोरून काढलेलं वाटलं तर तिथेच बंद करा. ती कुणाची तरी फसवणूक असते. लहान मुलांचं काही असेल तर नुसतं बघणंही गुन्हा आहे. आणि ग्रुपवर तर काहीच पुढे पाठवू नका, आयटी कायद्यात त्याला तुरुंगवास आहे.

राहिली तुमची बायको. तिनं एक प्रश्न विचारला आणि महिना झाला, उत्तर नाही. या महिन्यात ती आरशात स्वतःकडे कशी बघत असेल, याचा विचार करा. रविवारी तिला घेऊन तळजाईच्या टेकडीवर जा. गर्दीपासून बाजूला बसा आणि सांगा: "तू कमी पडत नाहीस. मला ही सवय तुझ्या आधीपासून आहे. ताण आला की मी तिकडे वळतो, आणि तुझ्यापासून लपवलं हे चुकलं." एवढंच. 'सगळेच पुरुष बघतात' हे वाक्य तोंडातून काढू नका. तिला बघायला बसवू नका. तिला हे मुळीच आवडत नसेल तर तो तिचा मागासलेपणा नाही. तिचं म्हणणं धरूनच घरात काय चालेल ते दोघांनी ठरवायचं.

ती रडेल, किंवा काहीच बोलणार नाही. घाई करू नका. चहा घ्या, घरी या. ती काय म्हणाली ते मला कळवा. मी वाट बघते.

— तुमची ताई