जानेवारीत बॅकपॅक घेऊन ब्राझील-अर्जेंटिना सीमेवरचा इग्वासू धबधबा बघायला जावं का? ऊन झेपेल?

झेपेल, पण सकाळी गेट उघडताच आत शिरा. तिकडे तेव्हा भर उन्हाळा, त्यात हवा दमट. दुपारी शर्ट पाठीला चिकटून बसतो. सॅक मुक्कामीच ठेवा. ब्राझीलच्या फोस दो इग्वासूहून अर्जेंटिनाच्या पुएर्तो इग्वासूला बस आहे, मात्र ब्राझीलच्या सीमा-चौकीवर ती थांबेलच असं नाही. ड्रायव्हरला आधी सांगून उतरा, पासपोर्टवर शिक्का घ्या, नाहीतर पुढे कटकट. कोआटी नावाचा लांब नाकाचा चोरटा प्राणी हातातलं सँडविच पळवतो, दिसायला गोंडस असला तरी! आणि पिवळ्या तापाची लस निघायच्या किमान १० दिवस आधी टोचून घ्या. दाखला नसेल तर भारतात परतल्यावर विलगीकरणात बसवू शकतात.