जपानी संगीतकार यासुहिदे इतो यांचं आधी काय ऐकावं? आणि शाळा-कॉलेजांचे बँड ज्याची रचना वाजवतात त्याला मोठा संगीतकार म्हणता येतं का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. 'ग्लोरिओसा' ही त्यांची बँडसाठीची रचना ऐका, तिन्ही भाग सलग, साधारण वीस मिनिटं. दुसऱ्या प्रश्नासाठी मला वेंगुर्ल्यापासून सुरुवात करावी लागेल.

माझे बाबा लग्नाच्या बँडात क्लॅरोनेट वाजवायचे. तरुणपणी गोव्यात एका मास्तरांकडे राहून नोटेशन शिकले होते, कागद समोर ठेवला की कधी न ऐकलेली चालही वाजवायचे. लगीनसराईत रात्री दोनला घरी येत, ओठ सुजलेले, आणि जेवण सगळ्या पंगती उठल्यावर. मामेबहिणीच्या लग्नाला ते पाहुणे म्हणून आले होते. क्लॅरोनेटवाला ऐनवेळी आजारी पडला म्हणून बाबांनी वाद्य हातात घेतलं, तर मामा सगळ्यांदेखत म्हणाले, "भावोजी, आज तरी वाजंत्री होऊ नका." मामा पेटीच्या शिकवण्या घ्यायचे. बैठकीत होतं ते संगीत आणि रस्त्यावर होतो तो आवाज, हे त्यांचं ठाम मत. बाबांनी वाद्य परत दिलं. मी बारा वर्षांची होते.

पुढे नोकरीमुळे तीन वर्षं जपानमध्ये हामामात्सुला राहिले. वाद्यं बनवणाऱ्या यामाहाचं गाव, आणि १९६० साली इतो जन्मले तेही हेच. तिथं शाळा सुटली तरी वाद्यांचे आवाज थांबत नाहीत. इतोंनी बँडसाठी पहिली रचना केली १९७८ साली, शाळेत असतानाच. रचनेचं रीतसर शिक्षण टोकियोच्या कला विद्यापीठात, ते नंतर. म्हणजे बँड त्यांच्यासाठी खालची पायरी नव्हती, ते वाढलेच त्यात.

एका रविवारी शेजारणीच्या मुलीच्या शाळेचा कार्यक्रम होता. बँडनं 'ग्लोरिओसा' सुरू केली, घंटा वाजल्या आणि एक संथ, जुनी चाल सुरू झाली. ती चाल कुठून आली हे मला घरी जाऊन वाचल्यावर कळलं. १५४९मध्ये ख्रिस्ती धर्मप्रचारक फ्रान्सिस झेवियर गोव्याहून निघून कागोशिमाला उतरले. १६१४ला ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली आणि दक्षिणेकडच्या क्यूशूतले ख्रिस्ती लपून राहिले. दोनशेहून जास्त वर्षं ना पाद्री ना पुस्तक. इकित्सुकी बेटावरचे शेतकरी-मच्छीमार लॅटिन प्रार्थना फक्त तोंडी जपत राहिले. अर्थ हरवला, शब्द झिजले, 'ग्लोरिओसा'चं 'गुरुरियोझा' झालं, पण गाणं राहिलं. तात्सुओ मिनागावा या संशोधकांनी त्याचं मूळ सोळाव्या शतकातल्या स्पेनमध्ये शोधून काढलं. १९९०ची ही रचना इतोंनी त्या गाण्यावरच उभी केली. लिहून घेतली कुणी, तर सासेबोच्या नौदल बँडनं. मधला भाग १६२२च्या नागासाकीतल्या ख्रिस्त्यांच्या हत्याकांडाची आठवण जपणाऱ्या गाण्यावर आहे आणि र्‍यूतेकी या बांबूच्या बासरीनं सुरू होतो. शेवटच्या भागात नागासाकीचं लोकगीत येतं.

त्या रात्री मी बाबांना फोनवर पहिला भाग ऐकवला. ते मध्ये एकदाही बोलले नाहीत. संपल्यावर म्हणाले, "पुन्हा लाव, क्लॅरोनेटची ओळ ऐकायची आहे." पुढच्या सुट्टीत मी त्यांना जुन्या गोव्याला बॉम जेझू चर्चमध्ये नेलं, झेवियरांचं शव तिथं आहे. तिथल्या बाकावर बसून त्यांनी ती चाल हळू शिटीवर वाजवली.

तर मोठा संगीतकार कोण? माझ्या मते ज्यांना कोणी कलावंत म्हणत नाही, त्यांनी सांभाळलेलं गाणं उचलून पुन्हा फुंकणाऱ्यांच्याच हाती देणारा माणूस मोठा. शाळकरी पोरं ते वाजवतात यात कमीपणा कसला? बेटावर ते गाणं टिकलं तेही बैठकीत नाही. मामा हे वाचत असतील तर त्यांनी दुसरा भाग तरी पूर्ण ऐकावा, मग वाजंत्री या शब्दाबद्दल बोलू.

दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. स्पर्धेची रेकॉर्डिंग घेऊ नका. अखिल जपान बँड स्पर्धेत नेमलेली आणि स्वतः निवडलेली अशा दोन्ही रचना मिळून बारा मिनिटं असतात, त्यामुळे 'ग्लोरिओसा' कापूनच वाजवावी लागते. आणि मी स्वतः काही वाजवत नाही, माझं मत बाबांकडे झुकलेलं आहे, ते लक्षात घेऊन वाचा. नंतर 'फेस्टल सीन्स' ऐका, १९८६ची, उत्तर जपानमधल्या आओमोरीच्या लोकगीतांवरची. बाबांना तीच जास्त आवडते. त्यात मिरवणुकीचा ठेका आहे म्हणतात, आणि तो भाग आला की पाय आपोआप चालायला लागतात.