पक्षाची जन्मतारीख शोधू नकोस

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

अमेरिकेतल्या पहिल्या पक्षांवरचं तुझं प्रकरण वाचलं. मेहनत दिसते. पण सुरुवातीची पानं अर्थमंत्री हॅमिल्टन आणि परराष्ट्रमंत्री जेफरसन यांच्या स्वभावावरच खर्ची पडली आहेत. दोन मंत्र्यांचं पटत नाही एवढ्यावर पक्ष उभे राहत नाहीत. भांडण पैशाचं होतं, तिथून सुरुवात कर.

जानेवारी १७९० मध्ये हॅमिल्टनने काँग्रेसपुढे कर्जाचा अहवाल ठेवला. स्वातंत्र्ययुद्धात सैनिकांच्या हाती रोख पगाराऐवजी कर्जरोखे पडले होते आणि नड म्हणून कित्येकांनी ते कवडीमोलाने विकून टाकले होते. आता सरकार दर्शनी किंमत चुकती करणार होतं, तीही आज ज्याच्या हातात रोखा आहे त्याला. मूळ धन्यालाही वाटा द्या, असं व्हर्जिनियाचा प्रतिनिधी मॅडिसन म्हणत होता. त्याची सूचना १३ विरुद्ध ३६ मतांनी पडली. मग राज्यांची सुमारे अडीच कोटी डॉलरची कर्जं केंद्राने डोक्यावर घ्यायचा विषय निघाला. व्हर्जिनियाने आपलं बरंचसं फेडलं होतं, मग तिने मॅसॅच्युसेट्सचं का भरायचं? कर्ज केंद्राकडे, राजधानी दक्षिणेकडे पोटोमॅक नदीच्या काठी, हा सौदा जेफरसनच्या घरच्या जेवणावर जुळला असं सांगतात. ती हकिगत जेफरसनने पुढे स्वतःची बाजू सावरत लिहिलेली आहे, तेव्हा जपून वापर.

फेब्रुवारी १७९१ मध्ये राष्ट्रीय बँकेचं विधेयक प्रतिनिधिगृहात ३९ विरुद्ध २० मतांनी मंजूर झालं. विरोधातली मतं जवळजवळ सगळी दक्षिणेतली. १७९० ची आणि ही मतदानं शेजारी ठेव, मग १७९६ मधलं जे ब्रिटनशी झालेल्या जे तहाच्या खर्चाचं, ५१ विरुद्ध ४८, तेही त्यात घाल आणि नावं जुळवत जा. कुणी पक्ष काढला नव्हता, सभासद नोंदवले नव्हते. तीच ती माणसं पुन्हा पुन्हा एका बाजूला बसू लागली होती. जन्मतारीख शोधत बसलीस तर हाती काही लागणार नाही.

वर्तमानपत्रांना तू दोनच ओळी दिल्या आहेस, तिथे मात्र हात सैल सोड. फेनो या संपादकाचं पत्र हॅमिल्टनच्या बाजूचं, त्याला सरकारी छपाईची कामं मिळत. म्हणून ऑक्टोबर १७९१ मध्ये फिलाडेल्फियात कवी फ्रेनोचं ‘नॅशनल गॅझेट’ निघालं. या फ्रेनोला जेफरसनने परराष्ट्र खात्यात वर्षाला २५० डॉलरवर भाषांतरकार नेमलं होतं. म्हणजे पगार सरकारचा आणि टीका सरकारमधल्याच अर्थमंत्र्यावर! हॅमिल्टनने टोपणनावाने नेमकं हेच चव्हाट्यावर आणलं.

आणि हाच जेफरसन १७८९ मध्ये लिहून गेला होता की पक्षाबरोबरच स्वर्गात जायचं असेल तर मी जाणारच नाही. त्याला ढोंगी ठरवून मोकळी होऊ नकोस. पक्ष म्हणजे प्रजासत्ताकाला जडलेला रोग, हे दोन्हीकडचे मनापासून मानत. आपली फळी म्हणजे तात्पुरता उपाय, समोरची म्हणजे कारस्थान. असं मानणाऱ्याच्या हाती सत्ता आली की काय होतं, ते सरकारवरची टीका गुन्हा ठरवणाऱ्या १७९८ च्या राजद्रोह कायद्यात दिसतं.

त्यासाठी मॅथ्यू लायन घे. व्हरमाँटचा हा खासदार राष्ट्राध्यक्ष ॲडम्सवर लिहिलं म्हणून चार महिने तुरुंगात गेला, वर हजार डॉलर दंड. कोठडीत असतानाच तो पुन्हा निवडून आला. पुढे १८०० च्या निवडणुकीत जेफरसन आणि आरन बर या एकाच बाजूच्या दोघांना ७३-७३ मतं पडली, कारण प्रत्येक निर्वाचकाला (राज्यांच्या वतीने अध्यक्ष निवडणाऱ्याला) दोन मतं होती आणि अध्यक्ष कोण, उपाध्यक्ष कोण, हे लिहायची सोयच नव्हती. निकाल प्रतिनिधिगृहाकडे गेला. तिथे प्रत्येक राज्याला एक मत. १६ राज्यं, हवी होती ९. पस्तीस फेऱ्या झाल्या, गाडी जेफरसनच्या आठवरच अडलेली. व्हरमाँटच्या दोन सदस्यांची मतं एकमेकांविरुद्ध जात होती. १७ फेब्रुवारी १८०१ रोजी, छत्तिसाव्या फेरीला, तिथला फेडरलिस्ट, म्हणजे हॅमिल्टन-ॲडम्सच्या बाजूचा, सदस्य मतदानापासून बाजूला राहिला आणि व्हरमाँट जेफरसनकडे गेलं ते एकट्या लायनच्या मताने. तुझ्या प्रकरणात लायनचं नावच नाही!

१८०४ च्या बाराव्या दुरुस्तीने दोन पदांची मतं वेगळी केली. ते तू नीट लिहिलं आहेस. (आजचा रिपब्लिकन पक्ष १८५४ चा, जेफरसनची बाजूही स्वतःला रिपब्लिकन म्हणवे, तिच्याशी त्याची गल्लत नको, एवढं एका वाक्यात सांग.)

एक मोठी गोष्ट मात्र राहिली आहे. जेफरसनच्या विजयाला तू ‘सामान्य जनतेचा कौल’ म्हणतेस. प्रतिनिधिगृहातल्या राज्याच्या जागा, आणि त्यावरून निर्वाचक, ठरवताना मताधिकार नसलेल्या गुलामांचाही तीन-पंचमांश हिशेब धरला जाई, त्यामुळे दक्षिणेच्या निर्वाचकांची संख्या फुगली होती. ॲडम्सला ६५ मतं होती, फरक आठचा. हे तळटिपेत ढकलू नकोस, त्याला पूर्ण परिच्छेद दे. तो लिहून झाला की आधी तेवढाच पाठव.